स्पोर्ट-टूरिंग : एका समासाचा विग्रह

(तृतीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर नवी मोटारसायकल उभी राहिली की तिच्याभोवती कोंडाळे जमते, आणि ते कोंडाळे तीन प्रश्न विचारते. त्यांचा क्रमही ठरलेला असतो. पहिला, "पळती किती?" दुसरा, "ॲव्हरेज किती देती?" आणि तिसरा, मालकाच्या खांद्यावर हात टाकून जरा हळू आवाजात, "पडली कितीला?" गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वर्गातील एका मित्राच्या थोरल्या भावाची बजाज डॉमिनार ४०० तेथे उभी राहिली. गाडी जुनीच घेतलेली, पण नीट ठेवलेली. तिलाही हेच तीन प्रश्न विचारले गेले. "थांबती किती अंतरात?" हा चौथा प्रश्न कोणीही विचारला नाही. खोटे कशाला बोला, त्या दिवशी मीही विचारला नाही.

त्याच आठवड्यात वक्तृत्व मंडळाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा आमचे एक सर म्हणाले, की असली मोटारसायकल म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाने बापाच्या उसावर केलेली चैन आहे. फाटकाजवळचा पक्ष गाडीकडे वेग म्हणून पाहतो आणि अध्यापक-कक्षातील पक्ष तिच्याकडे उधळपट्टी म्हणून पाहतो. माझे या दोन्ही पक्षांशी भांडण आहे. पैकी एका पक्षात माझे मित्र आहेत आणि दुसऱ्याच्या हातात माझे गुण आहेत, तेव्हा जपूनच लिहितो.

ज्या जातीची ही गाडी आहे तिला 'स्पोर्ट-टूरिंग' म्हणतात. मराठीच्या तासाला आपण द्वंद्व समासाचे प्रकार शिकलो आहोत. आईबाप म्हणजे आई आणि बाप, हा इतरेतर द्वंद्व. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे, हा वैकल्पिक द्वंद्व. माझे म्हणणे एवढेच आहे, की स्पोर्ट-टूरिंग हा इतरेतर द्वंद्व आहे आणि आम्ही पोरे तो वैकल्पिक म्हणून सोडवतो. स्पोर्ट किंवा टूरिंग असे म्हटले की त्यातला पहिला शब्द उचलायचा आणि दुसरा शोरूममध्येच सोडून यायचा.

जरा मागे जाऊन पाहू. शर्यतीच्या गाडीवर माणूस टाकीवर पालथा पडून बसतो. मनगटावर भार येतो, मान वर ताणलेली राहते. अर्ध्या तासाच्या शर्यतीला ते चालते. याउलट लांबच्या प्रवासाची गाडी म्हणजे आरामखुर्ची. वजनदार, ऐसपैस, वळणावर मात्र सुस्त. या दोहोंचा मेळ घालणारी म्हणून जर्मनीच्या बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस ही १९७६ साली निघालेली गाडी सांगतात. ९८० सी.सी.चे इंजिन, ७० अश्वशक्ती. पण तिचे नाव झाले ते इंजिनामुळे नव्हे. तिच्या पुढचे आवरण इटलीत वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून, हवा कशी वाहते ते पाहून घडवले होते. छातीवर येणारा वारा त्या आवरणाने बाजूला काढला, आणि दिवसभर वेगाने जाऊनही माणूस संध्याकाळी शहाणासुरता उतरू लागला. म्हणजे या जातीचा जन्मच मुळी 'किती पळती' या प्रश्नातून झालेला नाही. 'पळून झाल्यावर माणूस कसा राहतो' या प्रश्नातून तो झाला आहे.

आपल्याकडे हा प्रश्न फार उशिरा आला, आणि त्याला कारणे आहेत. आपला मुलूख मोटारसायकलीकडे कधी खेळ म्हणून पाहात नव्हता. येथे राजदूत आली ती दुधाच्या कॅन लटकवून. बुलेट आली ती बागाईतदाराच्या दारात, आणि तिचा आवाज ही गावाला मिळालेली वर्दी होती. १९७२ साली फिरोदियांची लूना निघाली आणि मास्तर, तलाठी, पोस्टमन यांना पायडलचा दम वाचवणारे काही तरी मिळाले. त्याच वर्षी आलेल्या बजाजच्या चेतकसाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. यंत्राचे आपल्याला वावडे नव्हतेच. येथून जवळच असलेली किर्लोस्करवाडी १९१० साली वसली, आणि तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्याआधी बेळगावात सायकलींचे दुकान चालवले होते. आमच्या घरचे आप्पा अक्षरओळखीपुरते शिकलेले, पण डिझेल इंजिनाच्या नुसत्या ठोक्यावरून 'पंप पाणी ओढंना' हे अंथरुणातून ओळखतात. यंत्र म्हणजे काम, ही आमची समजूत. काम नसताना यंत्रावर बसणे म्हणजे उनाडपणा.

मग १९८३ साली फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सने राजदूत ३५० काढली. मूळ गाडी जपानच्या यामाहाची, दोन सिलिंडरची. जोरकस इंजिनाची जी पहिली आवृत्ती होती तिची ताकद ३० अश्वशक्तीहून थोडी अधिक होती, आणि त्या काळच्या आपल्या रस्त्यांवर हा प्रकार वाऱ्यावर स्वार होण्याचाच होता. मूळ जपानी गाडीला पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. इकडे त्याच्या जागी ड्रम ब्रेक आला. इंजिन तेवढेच, ब्रेक मात्र साधे! जुनी माणसे आजही तिच्या धावण्याच्या गोष्टी डोळे मोठे करून सांगतात आणि थांबण्याची गोष्ट निघाली की नुसतेच हसतात. तेव्हा 'थांबती किती अंतरात' हा प्रश्न फाटकाजवळ आजच विसरला गेला असे नाही, तो आम्हांला वारसाहक्काने विसरता येतो.

पुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. २००१ च्या अखेरीस बजाजची पल्सर आली आणि खेड्यातल्या पोराला स्प्लेंडरपलीकडे स्वप्न पडू लागले. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली, २२३ सी.सी.ची, अर्धे अंग आवरणाने झाकलेली. लांब जायची गाडी म्हणून तिच्यावर जीव टाकणारे लोक अजून भेटतात. २००७ मध्ये पल्सर २२० आली, पुढे-मागे दोन्हीकडे डिस्क ब्रेक घेऊन. आणि डिसेंबर २०१६ मध्ये चाकणच्या कारखान्यातून डॉमिनार ४०० बाहेर पडली. बाजारात आली तेव्हा तिची किंमत दिल्लीच्या हिशेबाने १ लाख ३६ हजार होती आणि एबीएस हवे असेल तर १ लाख ५० हजार. म्हणजे चाक न घसरता थांबण्याची किंमत वेगळी, १४ हजार! ही वरची रक्कम वाचवून गाडी घेणारे लोकही होते. पुढे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या प्रत्येक दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले आणि ही काटकसर कायद्याने बंद केली, ते बरे झाले.

आता ही गाडी नीट पाहू. इंजिन ३७३ सी.सी.चे, एकच सिलिंडर. सुरुवातीला ताकद ३५ अश्वशक्ती होती, २०१९ मध्ये इंजिनाचा माथा बदलून ती ४० केली. स्प्लेंडरची ताकद आठच्या आसपास आहे हे ध्यानात घेतले म्हणजे हा आकडा अंगावर येतो. पण ताकदीपेक्षा मला तिच्या ज्या गोष्टी आवडल्या त्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत नव्हत्या. इंजिन पाण्याने, म्हणजे कूलंटने थंड राहते, त्यामुळे मे महिन्यात घाट चढताना ते धापा टाकत नाही. पुढची डिस्क ३२० मिलिमीटर व्यासाची आहे, जेवणाच्या ताटाएवढी. एबीएस दोन्ही चाकांना आहे. घाबरून ब्रेक आवळला तर चाक जाम होऊन घसरू नये म्हणून ते यंत्र दाब क्षणाक्षणाला सोडते आणि धरते. अनुभवी माणूस ओल्या रस्त्यावर हलके हलके ब्रेक मारतो तेच काम, फक्त माणसाच्या बोटांना जमणार नाही इतक्या जलद. स्लिपर क्लच नावाचा एक प्रकार आहे. उताराला गडबडीत दोन गिअर एकदम खाली टाकले तर साध्या गाडीचे मागचे चाक धक्का खाऊन थरथरते. हा क्लच तो धक्का मध्येच गिळतो. हेडलाइट एलईडीचा आहे, आणि नुसता झगमगाट न करता रस्त्याची कडही दाखवतो.

ही सारी माहिती कोणीही पुस्तिकेत वाचू शकेल. मी लिहायला बसलो तो दिवाळीच्या सुट्टीतील एका दिवसामुळे. मित्राच्या भावाने कधी नव्हे ती किल्ली दिली. अट एकच, मित्राने चालवायची, मी मागे बसायचे, आणि परवाना असल्यामुळे परतीच्या वाटेवर सपाटीला थोडा वेळ मी. पहाटे निघालो. पेठ नाक्याला महामार्गाला लागलो, कराडला पश्चिमेला वळलो, पाटण, कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूणला चहा घेऊन परत फिरलो. जाऊन-येऊन पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर भरले असतील. मी आयुष्यात प्रथमच घाटमाथ्यावरून कोकण पाहिले. आमच्या घरातले कोणी कामाशिवाय कराडच्या पुढे गेलेले नाही. आईचे तर माहेर, सासर आणि जोतिबा एवढ्यात जग संपते. कुंभार्लीच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघे खाली पाहात उभे राहिलो तेव्हा मला सरांचा 'चैन' हा शब्द आठवला, आणि तो मला अपुरा वाटला.

त्या दिवसात वेगाचा आकडा एकदाही शंभरावर गेला नाही. मित्राला मोह झाला नाही असे नाही, पण मागे मी होतो आणि मी भित्रा आहे. तरीही गाडीचा गुण कळायला काही कमी पडले नाही. बसण्याची ढब ताठ, गुडघे फार दुमडत नाहीत. सहावा गिअर टाकून इंजिन निवांत चालते. ट्रकला मागे टाकायचे तर गिअर न बदलता नुसता कान पिळला की पुरते, आणि समोरच्या गाडीच्या तोंडावर अडकून राहण्याची वेळ येत नाही. ताकदीचा खरा उपयोग हा आहे. चाळीस अश्वशक्ती ही पळण्यासाठी नसून धोक्याच्या जागेत कमीत कमी वेळ राहण्यासाठी आहे, हे मला पाटणच्या अलीकडे एका सिमेंटच्या ट्रकने शिकवले.

दोषही आहेत. गाडीचे वजन १८० किलोंच्या वर. आठवडी बाजारातल्या गर्दीत ती वळवताना घाम फुटतो आणि बेताच्या उंचीच्या माणसाचे पाय ८०० मिलिमीटरच्या सीटवरून जेमतेम टेकतात. मी सपाटीला चालवली तेव्हा पाच मिनिटे माझे सगळे लक्ष ती पडू नये याकडेच होते. टाकी १३ लिटरची. लिटरला पंचवीस-तीस धरले तर सव्वातीनशे ते तीनशे नव्वद किलोमीटर. लांबच्या प्रवासाची म्हणवणाऱ्या गाडीला ही टाकी आणखी थोडी मोठी शोभली असती. आणि सर्वांत मोठा दोष असा, की २०१६ साली या गाडीला ना वारा अडवणारी काच होती, ना सामान बांधायची जागा. काच, हाताचे आडोसे, मागची फळी, मोबाइल चार्ज करायची सोय हे सगळे कंपनीने २०२१ मध्ये जोडले. म्हणजे समासातला दुसरा शब्द पाच वर्षे उशिरा आला! मधल्या काळात जाहिरात कसली, तर प्रतिस्पर्ध्याची गाडी म्हणजे हत्ती, तो पाळू नका, अशी. ती जाहिरात गाजली, लोक हसले, आणि हसून बुलेटच घेत राहिले. माझे मत असे, की कंपनीने हत्तीची टिंगल करण्याऐवजी पहिल्याच दिवशी वाऱ्याची काच बसवली असती तर या गाडीचे नशीब काही वेगळे झाले असते. आम्हांला वेग विकला गेला कारण आम्ही वेगच मागत होतो, हेही तितकेच खरे.

वेगाविषयी आता थोडे गणित. कला शाखेत आलो म्हणून गणित सुटले या भ्रमात मीही होतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसल्यापासून बोटे ब्रेकवर जाईपर्यंत तरबेज माणसाचाही एक सेकंद जातो. तेवढ्यात गाडी २२ मीटर गेलेली असते. मग चांगल्या कोरड्या डांबरावर, चांगल्या ब्रेकने ती आणखी ३५ मीटरवर थांबते. एकूण ५७. ताशी १२० ला हाच हिशेब ३३ अधिक ७९, म्हणजे ११२ मीटर येतो. वेग दीडपट, अंतर दुप्पट. येथपर्यंत पुष्कळांना ठाऊक असते. पण याच्या पुढची पायरी मी वहीवर करून पाहिली तेव्हा मला स्वतःलाच खरे वाटेना. ८० ने येणारा ज्या जागी येऊन थांबला, त्याच जागी १२० ने येणारा, त्यानेही तितकाच जोरात ब्रेक दाबलेला असताना, अजून ताशी १०० च्या वेगात असतो. दोघांनी एकाच क्षणी तीच वस्तू पाहिली. एक तिच्यासमोर उभा आहे आणि दुसरा शंभराने तिच्यात शिरतो आहे.

ती वस्तू आमच्या तालुक्यात कोणती असते हे सांगायला नको. ऊस भरलेली ट्रॉली.

माझ्या आत्याचा मुलगा शिराळ्याच्या बाजूचा. पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे पळायचा, मैदानी परीक्षेत आपला नंबर नक्की म्हणायचा. जानेवारी महिना, हंगाम ऐन भरात. रात्री नऊच्या सुमारास तो दीडशे सी.सी.च्या गाडीवरून घरी येत होता. समोरून येणाऱ्या मोटारीने अप्पर मारलेला. ती मोटार निघून गेली आणि डोळ्यांपुढचा अंधार निवळायच्या आत ट्रॉली आली. चाक फुटल्यामुळे ती कडेला उभी केली होती, मागे दगड लावले होते, दिवा नव्हता. मागून लोंबणाऱ्या वाढ्यांच्या आड रिफ्लेक्टर होता की नव्हता यावर पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो मिटलाच नाही. त्याचा वेग सत्तर होता असे तो म्हणतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. आत गज बसवला. हेल्मेट डोक्याला होते, आत्याने रोज दारात उभे राहून कटकट केली होती म्हणून. ते हेल्मेट चिरफाळलेले अजून तिने माळ्यावर ठेवले आहे. तो चालतो, पण पळत नाही. भरतीची पुस्तके त्याने माझ्या धाकट्या भावाला दिली.

त्याच्या हाती त्या रात्री डॉमिनार असती तर काय झाले असते? हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला आहे. हेडलाइट चांगला असता, एबीएस असते, ताटाएवढी डिस्क असती. सत्तरच्या वेगाला कदाचित गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबली असती, निदान धक्का हलका बसला असता. पण त्या गाडीवर तो सत्तरने आला असता का? ती गाडी ज्याच्या हाती येते त्याला सत्तर म्हणजे उभे राहिल्यासारखे वाटते. ब्रेक सुधारले की आपण तेवढा वेग वाढवतो आणि सुधारणेचा सगळा नफा वेगात खर्चून टाकतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर दुचाकीसाठी ताशी ८० ची मर्यादा घातली, आणि डॉमिनारचा कंपनीने जाहीर केलेला सर्वोच्च वेग होता १४८. मधले ६८ किलोमीटर कोठे वापरायचे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही. ते ६८ किलोमीटर फक्त फाटकाजवळच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात वापरले जातात.

२०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसे गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेली ५० हजार. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. अशा आकड्यांवरून डोळे घसरतात, माझेही घसरतात. म्हणून मी आत्याच्या माळ्यावरच्या हेल्मेटचे आधी लिहिले.

आता सरांच्या चैनीकडे येतो. सरांचा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. २०२४-२५ च्या हंगामाला केंद्राने उसाचा पायाभूत दर टनाला ३,४०० रुपये ठरवला होता. त्या सुमारास नव्या डॉमिनारला शोरूमलाच सव्वादोन लाख पडत. म्हणजे पासष्ट टनांच्या वर ऊस, तोही बियाणे, खत, पाणी, मजुरी काही न धरता. एकराला चाळीस टन धरले तर दीड एकरापेक्षा अधिक जमिनीचा वर्षभराचा ऊस एका गाडीत गेला. आप्पांपुढे हा हिशेब मांडायची माझी छाती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारने ३५० सी.सी.पर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणला आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्क्यांच्या वर्गात घातले. म्हणजे चैन कोठे सुरू होते हे आता सी.सी.मध्ये मोजता येते. ३५० पर्यंत गरज, ३७३ ला चैन! सरांना हे आवडेल.

पण सर, लग्नात चार तासांच्या बँडला आणि मंडपाला उडणारे पैसे आपण खर्च म्हणतो, आणि मुलाने घाटमाथ्यावर जाऊन कोकण पाहिले तर ती चैन होते, हे मला पटत नाही. आम्ही प्रवासवर्णनांवर वीस गुणांचा प्रश्न सोडवतो आणि आमच्यातले निम्मे लोक सहलीशिवाय जिल्ह्याबाहेर गेलेले नसतात. दीड एकराच्या उसाची नवी गाडी घ्या असे मी म्हणत नाही. मित्राच्या भावाने जुनी घेतली आहे, अडीचशे सी.सी.चीही मिळते, आणि शहाणा माणूस स्प्लेंडरवरूनही कोयना पाहून येतो. मुद्दा लांब जाण्याचा आहे. घरातले आम्हांला वेगाची भीती म्हणून लांब जाऊ देत नाहीत, आणि लांब जायला मिळत नाही म्हणून आम्ही पेठ नाका ते इस्लामपूर या सहा-सात किलोमीटरांत सगळी हौस भागवून घेतो. सगळे 'स्पोर्ट' त्या पट्ट्यात होते. तेथेच माणसेही मरतात.

जाता जाता मुलींविषयी एक सांगावेसे वाटते. २०१६ साली डॉमिनार चाकणला ज्या जुळणीरांगेवर तयार झाली त्या रांगेवर सगळ्या स्त्रिया काम करत होत्या. आमच्या वर्गातल्या मुली स्कूटी उत्तम चालवतात, मुलांपेक्षा नीट, पण त्यांच्यातली एकही पेठ नाक्याच्या पलीकडे एकटी गेलेली नाही. मी हे एकीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जोडायला आम्ही चालतो होय?" आणि ग्रंथालयात निघून गेली. याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपल्या स्नेहसंमेलनात दरवर्षी सावकाश सायकल चालवण्याची शर्यत असते. पाय न टेकता जो सर्वांत शेवटी येईल तो जिंकतो. या वर्षी तिच्या जोडीला आणखी एक कार्यक्रम ठेवावा अशी सूचना मी क्रीडा विभागाकडे लेखी दिली आहे. मैदानावर चुन्याची रेघ मारायची, ताशी चाळीसने गाडी आणायची, रेघेवर ब्रेक दाबायचा आणि ती कोठे थांबली तेथे दुसरी रेघ मारून टेपने अंतर मोजायचे. स्प्लेंडर, पल्सर, बुलेट, डॉमिनार, ज्याची जी असेल ती. ज्याचे अंतर सर्वांत कमी त्याला नारळ. हेल्मेट नसेल त्याला मैदानात प्रवेश नाही. दुसरी सूचना राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांकडे आहे. हंगाम सुरू होताना आपण पन्नास जणांनी पेठ नाक्यावर दोन रात्री उभे राहायचे, आणि ज्या ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर दिसत नाही तिला तो लावून द्यायचा, वाढ्यांच्या खाली, दिसेल असा. खर्च वर्गणीतून.

मित्राच्या भावाने मैदानावर डॉमिनार आणायचे कबूल केले आहे. आत्याचा मुलगा टेप धरायला येतो म्हणाला आहे. क्रीडा विभागाकडून मात्र हे लिहीपर्यंत होकार आलेला नाही.